मदत आधी की सर्टिफिकेट आधी? वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांसाठी शाळा कशी बदलावी

मासुंदा, ठाणे
पहिलीतल्या मुलाला वाचायला जड जातंय हे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गाच्या बाईंना कळलेलं असतं. बहुतेक वेळा आईलाही कळलेलं असतं. पण लर्निंग डिसॅबिलिटीचं, म्हणजे बोलताना आपण एलडी म्हणतो त्याचं सर्टिफिकेट साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण सहाव्या वर्षी काही मुलं नुसती जरा सावकाश असतात, वर्षभरात मोकळी होतात, त्यांच्यावर शिक्का बसायला नको. अडचण त्या नियमाची नाहीच. अडचण ही की आपल्या शाळांनी मदत त्या कागदाला बांधून ठेवलीय. कागद नाही तर मदत नाही. मग पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीही निम्मी गेली, आणि तिसरीपासून तर परिसर अभ्यास काय नि गणितातली शाब्दिक उदाहरणं काय, सगळी पुस्तकं हे धरूनच चालतात की मुलाला वाचता येतं.

कायद्यात आपण मागे नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते 21 झाले, ऑटिझम आला, एलडी आलं. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अशी मुलं शोधायची हेही त्यात लिहिलंय. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, 2010 पासून लागू आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे, साधी गणितं आली पाहिजेत असं म्हटलंय आणि त्यासाठी 2021 मध्ये निपुण भारत सुरू झालं. पण ज्या मुलाला हे बाकीच्यांच्या वेगाने येत नाही त्याला रोज कोणी, किती वेळ, कुठे बसून शिकवायचं? वेळापत्रकात त्याची तासिका कुठली? तिथे आपण गप्प होतो.

फिनलंडचं नाव आपल्याकडे खूप घेतात, परीक्षा नाहीत गृहपाठ नाही वगैरे. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. तिथेही पूर्वी साधारण चौथीनंतर हुशार मुलं एका शाळेत नि बाकीची दुसऱ्या शाळेत अशी वाटणी व्हायची. 1972 पासून उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून 1977 पर्यंत त्यांनी सगळ्या देशात एकच शाळा आणली, गणित आणि भाषांमधले वरचे-खालचे गट तरीही राहिले होते, ते 1985 मध्ये काढले. आणि हे निभावलं कशावर, तर शाळेतच असलेल्या विशेष शिक्षकांवर. मूल आठवड्यातले काही तास त्यांच्याकडे जातं, बाकी वेळ आपल्याच वर्गात. त्याला कुठल्या निदानाचा कागद लागत नाही. वर्गशिक्षकांना वाटलं, आईवडिलांशी बोलणं झालं, की सुरू. त्यामुळे खूप मुलं कधी ना कधी तिथे जाऊन आलेली असतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मूल अडलंय हे दिसल्याबरोबर मदत सुरू व्हावी आणि कागद मागाहून यावा. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना सर्टिफिकेट लागू दे, तिथे गैरवापर व्हायला नको. पण पहिलीतल्या मुलाला अर्धा तास वेगळं बसवून शिकवायला मेडिकल बोर्ड कशाला हवं?

ठाण्यात आणि नवी मुंबईत तुमच्या मुलांच्या, विद्यार्थ्यांच्या शाळेत काय चालतं ते लिहा. शिक्षक मंडळींनी तर नक्की लिहा.


फळा_खडू, कळवा
ताई धागा चांगला काढलात. मी पालिकेच्या शाळेत शिकवतो, पाचवीचा वर्ग आहे, म्हणून जरा आतलं सांगतो.

माझ्या वर्गात अक्षरओळख कच्ची असलेली मुलं आहेत, जोडाक्षराला अडणारी आहेत, सुरेख वाचणारी आहेत आणि एक मुलगी अशी आहे की सातवीचं गणित द्या, करून आणते. ह्या सगळ्यांना मी एकाच दिवशी एकच पान शिकवायचं आणि महिनाअखेर तेवढा घटक पूर्ण झाला म्हणून सांगायचं. कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक. प्रत्यक्षात कोण रजेवर, कोण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला, मग दोन वर्ग एकत्र बसवायचे. ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. तक्रार म्हणून नाही सांगत, वेगवेगळ्या पातळीच्या मुलांना वेगवेगळं शिकवायला शिक्षकाकडे डोकं शांत लागतं आणि हाताशी वेळ लागतो, ते दोन्ही नसताना वरून कितीही चांगलं धोरण आलं तरी वर्गात येता येता त्याचा फॉर्म होतो.

विशेष शिक्षक आमच्याकडे येतात. मनापासून काम करतात, पण त्यांच्याकडे एक शाळा नाही, अनेक शाळा. आज आले की पुन्हा कधी येतील ते त्यांच्या फेरीवर. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्रमाण ठरवून दिलंय, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांना 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये पुन्हा सगळ्या राज्यांना सांगितलं की पदं मंजूर करून जाहीर करा. म्हणजे तीन वर्षं उलटून गेल्यावरही कोर्ट अजून पदं जाहीर करा एवढंच सांगत होतं. आणि त्यातली मेख बघा, प्रमाण 10 नोंद झालेल्या मुलांवर आहे. नोंद कशी होणार, तर कागदावर. कागद नाही म्हणून मूल मोजलं जात नाही, मोजलं नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून ते मूल ओळखणारं कोणी नाही. तुमचा मुद्दा इथेही लागू पडतो.


निशिगंध, नेरूळ
मी स्पेशल एज्युकेटर आहे, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, बरीच वर्षं ह्याच कामात. मराठी शाळेतल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण ह्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

डिस्लेक्सिया, म्हणजे एलडीतला वाचनाचा त्रास, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर इंग्रजीतलं उलटं बी आणि डी येतं. मराठीत तो तसा दिसत नाही. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी एकमेकाला धरून असतात, त्यामुळे मूल बरेचदा वाचतं, पण फार सावकाश, एकेक अक्षर लावत, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ह्यात घोटाळा. काना राहून जातो, मात्रा भलत्याच अक्षरावर पडते, वेलांटी दिसतच नाही. जोडाक्षर आलं की गाडी थांबते, "रस्ता" चा "रसता" होतो. लिहिताना तर जास्तच. अशा मुलाला दुसरीत "वाचता येतं पण आळशी आहे" हा शेरा मिळतो कारण वरवर त्याला वाचता येत असतं ना. पाठ करून ते वेळ मारून नेतं, पाठ करण्यात ही मुलं फार तरबेज होतात, आणि चौथीत परिसर अभ्यासाचं पान मोठं झालं की एकदम कोसळतात. तेव्हा सगळे म्हणतात अचानक काय झालं ह्याला.

तपासणीची साधनं हा दुसरा प्रश्न. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन एलडी ठरवणं हा अन्याय आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाचं साधन केलंय, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, पहिली ते पाचवीसाठी. त्यात शिक्षकाने वर्गातच करायची प्राथमिक चाळणी वेगळी आणि तज्ज्ञाने करायची तपासणी वेगळी आहे. ती पहिली चाळणी प्रत्येक पहिली-दुसरीच्या वर्गात व्हायला काहीच हरकत नाही, त्याला डॉक्टर लागत नाही.

आणि मदत म्हणजे काय असतं ते सांगते, लोकांना वाटतं काहीतरी महागडी थेरपी. पहिलीत अडणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना रोज वीस-पंचवीस मिनिटं, चार-पाच मुलांच्या गटात, आवाज ओळखणं, शब्द तोडणं-जोडणं, वाळूत किंवा पाटीवर मोठं अक्षर बोटाने गिरवत म्हणणं, एका वेळी एकच मात्रा, आणि खूप सराव. दोन-तीन महिन्यांत त्यातली काही मुलं गटातून बाहेर पडतात, त्यांना एलडी नव्हतंच, घरी पुस्तक नव्हतं किंवा आजारपणात शाळा बुडाली होती किंवा चष्मा हवा होता (हे फार वेळा निघतं, आधी डोळे आणि कान तपासून घ्या हो सगळ्यांनी). उरतात त्यांना पुढची तपासणी. म्हणजे मदत आधी दिली तर निदानही नेमकं होतं.


उपवन72
वेगळं मत मांडतो, राग नसावा.
आमच्या वेळेला वर्गात साठ मुलं असायची आणि नापासही करायचे. मूल नापास झालं की कळायचं की काहीतरी कमी आहे. आरटीईने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही म्हटलं आणि नववीत गेल्यावर आईबापांना समजायला लागलं की पोराला भागाकार येत नाही. 2019 मध्ये कायदा बदलला, आता पाचवी आणि आठवीला पुन्हा मागे ठेवता येतं, हे मला योग्य वाटतं. दुसरं असं की सगळ्यांना एकत्र बसवायच्या नादात जी मुलं पुढे आहेत त्यांचं काय? फळा_खडू सरांच्या त्या सातवीचं गणित करणाऱ्या मुलीकडे कोण बघणार? वेगवेगळे वर्ग करा, अ ब क तुकड्या करा, प्रत्येकाला झेपेल तसं शिकवा. फिनलंडची लोकसंख्या आपल्या मुंबई-ठाण्याएवढीही नाही.


सारंग_खारघर
उपवन काका, तुमचा पुढच्या मुलांचा मुद्दा मला पटतो, तुकड्यांचा नाही. का ते सांगतो.

सिंगापूर हा देश शिस्तीचा आणि परीक्षांचा, तुम्हाला आवडेल असाच. त्यांनी 1980 च्या सुमारास मुलांना कुवतीप्रमाणे वेगळे प्रवाह दिले. माध्यमिकला एक्स्प्रेस, नॉर्मल अकॅडमिक, नॉर्मल टेक्निकल. चाळीस वर्षं चालवून, गळती कमी झाली हा फायदा मिळवूनही, त्यांनीच 2024 च्या पहिल्या वर्षाच्या मुलांपासून ते प्रवाह बंद केले. आता वर्ग मिसळलेला, आणि विषयाप्रमाणे पातळी, तीन पातळ्या आहेत. एखादं मूल गणित वरच्या पातळीला घेतं आणि भाषा खालच्या. कारण मूल सगळ्याच विषयात सारखं नसतं. तुकडी केली की ते "क तुकडीतलं" होतं, सगळ्याच विषयांत. जर्मनीतही बऱ्याच राज्यांत दहाव्या वर्षी शाळा वेगळ्या होतात आणि तिथे कुठल्या घरात मूल जन्मलं ह्यावर ते कुठल्या शाळेत जाणार हे फार ठरतं अशी टीका सतत होते.

लोकसंख्येचं म्हणाल तर बाहेर जायचीच गरज नाही. प्रथम संस्थेने 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नावाचा कार्यक्रम केला होता. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच शिकलेल्या मुली दिवसातले दोनेक तास वेगळं घेऊन बसायच्या आणि जे येत नाही तिथूनच शिकवायच्या. बॅनर्जी आणि डुफ्लो ह्या पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालेल्या जोडीने त्याचा अभ्यास केला, मुलांचं वाचन-गणित सुधारलं होतं. नंतर हीच पद्धत काही राज्यांत सरकारी शिक्षकांना नुसतं साहित्य आणि ट्रेनिंग देऊन केली तेव्हा फारसं काही झालं नाही, पण 2012-13 ला हरियाणात शाळेच्या वेळापत्रकात एक तास वेगळा काढला, त्या तासाला इयत्ता मोडून पातळीप्रमाणे गट केले, आणि वरच्या अधिकाऱ्यांना त्यासाठीच शाळेत जाऊन बघायला लावलं, तेव्हा भाषेत फरक पडला. शिक्षक तेच. बदललं ते वेळापत्रक. मासुंदा ताईंनी विचारलं ना तासिका कुठली, तर ही. आणि त्या एका तासात पुढे असलेल्या मुलीला पुढचंही देता येतं.

नापास करण्याचं फक्त एवढंच विचारतो, ज्या पद्धतीने एकदा समजलं नाही त्याच पद्धतीने तेच वर्ष पुन्हा, त्याने काय होणार?


घोडबंदरवाली
मी खाजगी शाळेतल्या ऑटिस्टिक मुलाची आई. इथे बरेच जण सरकारी शाळांबद्दल बोलतायत पण घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या कॉम्प्लेक्समध्ये काय होतं तेही लिहावंसं वाटलं.

शाळा नाही म्हणत नाही. कायद्याने म्हणता येत नाही. म्हणतात शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी शिक्षिका, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या. ती न आली तर त्या दिवशी मुलाला घरी ठेवा. सहलीला नको पाठवू, गॅदरिंगला गर्दी असते तर नको पाठवू. मग आठवीच्या आसपास एक मीटिंग होते, सगळे फार प्रेमाने बोलतात आणि शेवटी सांगतात की एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्याच्यासाठी जास्त चांगलं राहील. एनआयओएस वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, 1989 पासून आहे, आपल्याला झेपतील ते पाच विषय निवडता येतात, गणित घ्यायलाच हवं असं नाही, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, कितीतरी मुलं त्यामुळे दहावी झाली. पण तो आमचा निर्णय असायला हवा ना. शाळेने वर्गाबाहेर काढण्याचा सभ्य रस्ता म्हणून तो वापरायचा आणि मुलाचे सगळे मित्र एका दिवसात सुटायचे, हे कुठल्या धोरणात लिहिलंय? माझ्या मुलाला कोणाशी बोलायला वेळ लागतो. जे दोन मित्र त्याला कळायला लागले होते ते गेले.

शॅडो टीचरच्या पगाराला एका चांगल्या नोकरीतला मोठा भाग जातो, आम्ही दोघं कमावतो म्हणून निभलं. त्याच शाळेत आरटीईच्या 25 टक्क्यांतून आलेल्या घरातलं मूल असतं तर?


सारंग_खारघर
ताई, इटलीने 1977 च्या कायद्याने विशेष शाळांमधली मुलं नेहमीच्या वर्गात आणली. तिथे मदतीला जो जादा शिक्षक देतात तो त्या मुलाचा नसतो, कायद्याप्रमाणे तो वर्गाचा शिक्षक असतो, पगार सरकारचा. त्यामुळे शेजारी बसलेल्या, कुठलाच कागद नसलेल्या पण अडलेल्या मुलालाही त्याचा उपयोग होतो आणि तुमच्या मुलाला चोवीस तास एकच मोठं माणूस चिकटून राहत नाही. त्यांच्याकडेही ट्रेनिंग झालेले शिक्षक कमी पडतात, दरवर्षी बदलतात अशा तक्रारी आहेतच. पण जबाबदारी कोणाची हे तरी ठरलंय.


मौनभाषा, कोपरखैरणे
सगळ्यांचं वाचलं. पण "सगळी मुलं एकाच वर्गात" हे ऐकलं की मला काळजी वाटते. माझी मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. तिला नेहमीच्या शाळेत घातलं होतं. पुढच्या बाकावर बसवलं, बाई प्रेमळ होत्या, सगळं होतं, आणि ती दिवसभर चाळीस माणसांत एकटी होती, कारण तिच्या भाषेत बोलणारं वर्गात कोणीच नव्हतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेल्यावर ती पहिल्यांदा कोणाशी तरी भांडून घरी आली. मला इतका आनंद झाला होता.

लहान वयात भाषाच मिळाली नाही तर पुढे वाचन, गणित, सगळंच अडतं, आणि ती भाषा मिळायला आजूबाजूला ती बोलणारी मुलं लागतात, मोठी माणसं लागतात. 2020 च्या धोरणात भारतीय सांकेतिक भाषा देशभर एकसारखी करायचं आणि त्यात अभ्याससाहित्य तयार करायचं म्हटलंय, एनआयओएसने तो विषय म्हणूनही आणलाय. चांगलं आहे. पण खुणांची भाषा येणारे शिक्षक साध्या शाळांत आहेत का? नाहीत तोवर विशेष शाळा बंद करू नका, त्यांची अनुदानं रखडवू नका. वाटलं तर दोन्ही शाळा एका आवारात आणा, मैदान एक ठेवा, स्नेहसंमेलन एक ठेवा, आणि ऐकू येणाऱ्या मुलांना पण खुणांची भाषा शिकवा.


मासुंदा, ठाणे
मौनभाषा दादा, तुमच्या मुद्द्याने मला माझं म्हणणं जास्त स्पष्ट करावंसं वाटतंय. विशेष शाळा बंद करा असं मी म्हणणार नाही. ठाण्यात पालिकेची जिद्द शाळा आहे, वाशीला पालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं विभागीय केंद्र आहे, ह्या जागांमध्ये जे ज्ञान साठलंय ते आजूबाजूच्या साध्या शाळांपर्यंत कसं जाईल हे बघायला हवं. तिथल्या शिक्षकांनी महिन्यातले काही दिवस साध्या शाळेत यायचं, साध्या शाळेच्या शिक्षकांनी तिथे जाऊन बसायचं. तुमच्या मुलीला काय हवं ते तुमच्या मुलीकडे बघूनच ठरेल, आणि ते तिला आणि तुम्हाला ठरवता यायला हवं.

घोडबंदरवाली ताई, तुमचं वाचून खूप वाईट वाटलं. मित्र हा मुद्दा कुठल्याच जीआरमध्ये नसतो.


शहापूरचा
जिल्हा ठाणेच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे आश्रमशाळेत ठाकूर, कातकरी, वारली पोरं येतात. घरी त्यांची बोली वेगळी. पहिलीत पुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसतात. बाहेरून आलेले साहेब विचारतात ह्याला काही प्रॉब्लेम आहे का, बोलत नाही. अहो तेच पोरगं सुट्टीत जंगलातल्या पंचवीस भाज्यांची नावं सांगतं आणि कुठली कधी उगवते ते पण सांगतं. त्याला मंद म्हणायचं का? निशिगंध ताई म्हणाल्या तसं आधी शिकवून बघा मग ठरवा. आणि आधी त्याच्या बोलीत शिकवा. पाचवीतली निम्मीच पोरं दुसरीचा धडा वाचू शकतात असं असर ह्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं येतंय, म्हणजे निम्म्या देशाला काय डिसॅबिलिटी आहे का, शिकवायची पद्धतच पोरांपासून लांब आहे.

आणि ज्यांना खरोखर सर्टिफिकेट लागतं त्यांना इथून ठाण्याला यायचं म्हणजे बापाची दिवसाची मजुरी जाते. एका दिवसात काम होईलच असं नाही. तालुक्याला ठरलेल्या तारखेला डॉक्टरांची टीम यावी, आधी सांगून यावी.


फळा_खडू, कळवा
+1 शहापूरचा. आमच्याकडे पण आहे हे. रोजगारासाठी आलेल्या घरांतली तेलुगू, कन्नड, भोजपुरी बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात. आरटीईच्या कलम 4 प्रमाणे दहा वर्षांचं, कधीच शाळेत न गेलेलं मूल वयाप्रमाणे थेट पाचवीत येतं. त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं असंही त्याच कलमात आहे. प्रवेश होतो, प्रशिक्षण राहतं.

उपवन काका, तुमच्या एका मुद्द्यावर. ती गणितवाली मुलगी दुपारी माझ्या वर्गातल्या तीन मुलांना हातचे घ्यायला शिकवते, तिला स्वतःला आवडतं म्हणून. पण तिला मदतनीस करून ठेवायचं नाही हे मीही मानतो, तिला तिचं पुढचं मिळालंच पाहिजे, ते मी सध्या घरून पुस्तकं नेऊन करतो.


उपवन72
सारंग, सिंगापूरचं मला माहीत नव्हतं. विषयवार पातळी हे मान्य, तुकडीपेक्षा बरं. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून दहावीला गणित स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर ठेवलेत, वर्ग एकच, ते त्यातलंच म्हणायचं. आपल्या राज्य मंडळात सामान्य गणित होतं, नवीन अभ्यासक्रमात ते गेलं. ते परत आणावं असं माझं स्पष्ट मत आहे. बीजगणितात अडकून दहावी सुटलेली किती तरी मुलं मी आमच्या वागळे इस्टेटमध्ये हेल्पर म्हणून आलेली बघितलीत, हात सोन्याचा, ड्रॉइंग बघून पार्ट बनवायची, पण दहावी नाही म्हणून आयटीआयचा चांगला ट्रेड नाही, पुढे काहीच नाही. त्यांचं नुकसान झालं आणि कंपनीचंही.
नापासावर मात्र मी ठाम आहे. मागे ठेवा, पण वर म्हटलंय तशी मदत देऊन ठेवा.


तलावपाळी_संध्याकाळ
मी 1980 च्या दशकात दहावीला गणितात दोनदा नापास झालो. महाराष्ट्रात एलडीच्या मुलांना सवलती 1996 ला आल्या, आपण त्यात देशात पहिले होतो. आज माझ्या भाचीला लेखनिक मिळाला, तासाला वीस मिनिटं जादा मिळाली, तिने दहावीला छान मार्क आणले आणि आता ती ॲनिमेशन शिकतेय. तिच्यात आणि माझ्यात तोच त्रास आहे, तिची तपासणी झाली तेव्हा बाईंनी विचारलं घरात आणखी कोणाला आहे का. सवलती टिकल्या पाहिजेत, एवढंच लिहायचं होतं. काही जण म्हणतात त्या मुलांना फुकट मार्क मिळतात, पण पेपर त्यांनाच सोडवावा लागतो.


ऐरोलीची_आई
मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्लिश. निशिगंध ताईंनी जे लिहिलंय ना पाठ करण्याचं, अगदी तसंच आहे. धडा तोंडपाठ, पण मधलं वाक्य बोट ठेवून विचारलं तर वाचता येत नाही. "शाळेत" चं "शळते" लिहिते. शाळेत विचारलं तर म्हणाले अजून लहान आहे, तिसरीत बघू, तेव्हा टेस्ट करा. क्लासवाल्या म्हणतात आळस आहे. घरात सासूबाई म्हणतात हिचे वडीलही उशिरा वाचायला लागले. तिसरीपर्यंत थांबू का? ती आता सकाळी पोट दुखतं म्हणायला लागलीय.


निशिगंध, नेरूळ
थांबू नका. पोट दुखतं म्हणतेय म्हणजे तिला शाळेची भीती बसायला लागलीय, ते सर्टिफिकेटपेक्षा महत्त्वाचं आहे. क्लासमध्ये आळशी म्हणत असतील तर ते आधी थांबवा, वेळ पडली तर क्लास बंद करा.

डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या ह्याच आठवड्यात, शाळेतल्या तपासणीवर सोडू नका. वडील उशिरा वाचायला लागले हे जिथे तपासणीला जाल तिथे नक्की सांगा, त्याला अर्थ असतो. घरी रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि पुस्तकाचा धडा नको कारण तो तिला पाठ आहे. न वाचलेलं, छोटं, मोठ्या अक्षरातलं काहीतरी घ्या. आधी तुम्ही वाचा, मग दोघी मिळून, मग ती एकटी. चुकलं की लगेच दुरुस्त करू नका, वाक्य संपू द्या. लिहिताना एक आठवडा फक्त काना, तो बसला की मात्रा. शब्द म्हणताना टाळी वाजवून तुकडे करायला लावा, शा-ळे-त. झोपताना तुम्ही तिला गोष्ट वाचून दाखवा, ती वाचायला लावायची नाही, नुसती ऐकू दे, म्हणजे गोष्टींची गोडी टिकते.

आठ पूर्ण झाल्यावर तपासणी करा, मराठीतूनही करा असा आग्रह धरा. मुंबईत सायन आणि नायर ह्या पालिकेच्या हॉस्पिटलांत एलडीची सोय आहे. नंबर लागायला वेळ जातो म्हणून चौकशी आत्ताच करून ठेवा.


फळा_खडू, कळवा
आणि शाळेचं मी सांगतो. तोंडी बोलू नका, अर्ज द्या. मुख्याध्यापकांच्या नावाने साध्या मराठीत लिहा की मुलीला वाचनात अमुक अडचण दिसते आहे, शाळेकडे येणाऱ्या विशेष शिक्षकांकडून प्राथमिक पाहणी करून वर्गात मदत सुरू करावी. सर्टिफिकेट शब्दच घालू नका. पोच घ्या, तारखेसह. अनुदानित किंवा पालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात कायद्याने 75 टक्के पालक असतात, त्यातल्या कोणाला तरी गाठा आणि हा विषय पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घ्यायला सांगा, फक्त तुमच्या मुलीचा नको, पहिली-दुसरीतल्या सगळ्या अडलेल्या मुलांसाठी रोज अर्धा तास असा. एकट्या पालकाला शाळा थांबा म्हणते, समितीच्या इतिवृत्तात आलं की उत्तर द्यावं लागतं.

वर्गशिक्षिकेशी मात्र आधी बोला, अर्ज नंतर. तिला वाटायला नको की तक्रार केली. बहुतेक बाईंना कळलेलं असतं, विचारणारं कोणी नसतं.


ऐरोलीची_आई
खूप खूप आभार दोघांचे. उद्या बाईंना भेटते. अर्ज कसा लिहू ते जमलं नाही तर इथेच टाकते, बघाल ना कोणी?


मासुंदा, ठाणे
टाका, आजच टाका. मी रात्री ऑनलाइन आहे, लिहून देते. आणि ठाणे-नवी मुंबईतल्या बाकीच्या पालकांपैकी कोणाला हाच अर्ज आपापल्या शाळेत द्यायचा असेल तर इथे शाळा कुठल्या बोर्डाची आणि अनुदानित की विनाअनुदानित तेवढं सांगा, त्याप्रमाणे मजकूर बदलावा लागेल.